पहिल्यांदाच टीम सांभाळणाऱ्यांसाठी

टीम लीड झालात की पहिल्या काही दिवसांतच एक फरक जाणवतो. कालपर्यंत मॅनेजरबद्दल तुमच्याशी मोकळेपणाने बोलणारे सहकारी आता तुमच्यासमोर शब्द तोलून बोलतात. यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांचं अप्रेझल आता तुम्ही लिहिणार असता, आणि अप्रेझल लिहिणाऱ्याला वाईट बातमी सांगणं कोणालाही जड जातं. नव्या लीडने आधी इकडे लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे. नियोजन, रिपोर्ट, प्रेझेंटेशन हे सगळं हळूहळू जमतं. बिघडलेलं काम उशिरा कानावर आलं, तर मात्र हातात फारसं काही उरत नाही.

या विषयावर हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं संशोधन जरूर वाचा. नव्वदच्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या टीम्सचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधं देताना कमी चुका होत असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगल्या टीम्सच्या नावावर जास्त चुका होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला तो असा, की या टीम्समध्ये लोक चुका लपवत नव्हते, म्हणून त्यांची नोंद होत होती. पुढे 1999 मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या 51 टीम्सवर लेख प्रसिद्ध केला. बोलण्याची भीती नसलेल्या टीम्स जास्त शिकतात आणि कामही चांगलं करतात, असं त्यात दिसलं.

मी स्वतः यासाठी वन-ऑन-वनवर, म्हणजे टीममधल्या एकेकाशी वेगळं बसून बोलण्यावर भर देतो. 'सगळं ठीक ना?' असं विचारलं की 'हो' याशिवाय उत्तर येत नाही, म्हणून मी 'या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?' असं विचारतो. एकदा टीममधला एक नवा मुलगा यावर जरा थांबला आणि म्हणाला, "टेस्टिंगमध्येच गेला सर. म्हणजे... नवा डेटा आलेलाच नाही. मी जुन्यावरच चालवतोय." स्टेटस शीटमध्ये त्याच्या नावापुढची ओळ हिरवी, म्हणजे 'काम वेळेवर', होती. मी एवढंच म्हणालो, "बरं झालं, आत्ता सांगितलंस." आणि त्याच्यासमोरच डेटा देणाऱ्या विभागाला फोन लावला. हिरवं का दाखवलंस, हा प्रश्न त्या दिवशी मुद्दाम विचारला नाही. तो विचारला असता, तर पुढच्या वेळी 'सगळं ठीक आहे' एवढंच ऐकायला मिळालं असतं. त्यानंतर शीटमध्ये पिवळ्या, म्हणजे 'अडचण आहे' सांगणाऱ्या ओळी दिसू लागल्या, याचा मला खरंच आनंद झाला.

अधिकाराबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये प्रभावाचे पाच आधार मांडले: पद, बक्षीस देण्याची ताकद, शिक्षेची ताकद, ज्ञान आणि लोकांच्या मनातला आदर. पहिले तीन बढतीच्या पत्राबरोबर थोडेफार मिळतात, शेवटचे दोन कमवावे लागतात. ज्ञानाच्या बाबतीत नवे लीड हमखास अडकतात. कामात आपण हुशार, म्हणून प्रत्येक अवघड काम ते स्वतःकडे ओढून घेतात. टीम शिकत नाही, आणि लीडला रात्री घरी लॅपटॉप उघडावा लागतो. अवघड काम दुसऱ्याला द्या, सोबत बसा, पण कीबोर्ड त्याच्याकडेच राहू द्या.

करिअरसाठी इतर विभागांतल्या लोकांशी ओळख ठेवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवलं होतं, की ओळखीतून मिळणाऱ्या नोकऱ्यांची माहिती बरेचदा रोजच्या मित्रांपेक्षा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून येते. कंपनीच्या आतल्या संधींबाबतही माझा अनुभव हाच आहे.

आणि तुमच्याही वर कोणीतरी आहेच. वाईट बातमी त्यांच्यापर्यंत तुम्हीच आधी न्या, डेडलाईनच्या आदल्या दिवसाची वाट पाहू नका. काय अडलं आहे, त्याचा तारखेवर काय परिणाम होईल आणि तुम्हाला त्यांच्याकडून काय हवं आहे, एवढं थोडक्यात सांगा. कोणामुळे अडलं, हे त्यांनी विचारलं तरच सांगा, आणि तेव्हाही टीममधल्या माणसाचं नाव पुढे करू नका.