एकच जागा, वर्षभर: बाहेर बसून लँडस्केप कसं करायचं

बाहेर जाऊन लँडस्केप करायचं म्हटलं की आपण आधी जागा शोधत फिरतो, दर सुट्टीला नवी जागा, त्यातच अर्धी सकाळ जाते. माझं म्हणणं उलट आहे. घरून चालत जाता येईल अशी एकच जागा पकडा, एखादं झाड, मागे टेकडी, जमलं तर थोडं पाणी, आणि वर्षभर तिथेच जात रहा. जागा पाठ झाली ना की ड्रॉइंगचं टेन्शन जातं आणि ऋतू बदलल्यावर नेमकं काय बदललं ते दिसायला लागतं. फ्रेंच चित्रकार मोनेने 1890-91 मध्ये गव्हाच्या गंजी रंगवल्या त्या अशाच, घराजवळच्या शेतातल्या, साधारण 25 कॅनव्हास, विषय तोच आणि उजेड दरवेळी वेगळा. उजेड बदलला की तो हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

सामान कमी न्या. वॉटरकलर करत असाल तर 300 जीएसएमचा, म्हणजे जाडसर, छोटा पेपर बोर्डला चारी बाजूंनी टेप लावून, दोन-तीन ब्रश, पाणी, जुनं सुती कापड, पेन्सिल. रंग पाच पुरतात: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, क्रिमसन. तयार हिरवा मुद्दाम घरीच ठेवा, का ते पुढे सांगतो.

बसताना एक बघा, कागदावर थेट ऊन नको. उन्हात रंग उजळ दिसतो म्हणून आपण गडद लावत जातो आणि घरी आल्यावर तेच चित्र काळवंडलेलं वाटतं. सावलीत बसा, नाहीतर बोर्ड फिरवून घ्या.

मग लगेच रंगाला हात घालू नका. डोळे बारीक करून समोर बघा, बारीकसारीक सगळं गळून जातं आणि फक्त गडद, मधलं, फिकट असे तीन तुकडे उरतात, ते पोस्टकार्डएवढ्या चौकटीत पेन्सिलीने 5 मिनिटांत मांडा. सावल्यांची दिशा तेव्हाच ठरवा आणि नंतर बदलू नका, कारण दोन तासांत सावली बरीच सरकते आणि तिच्यामागे धावत राहिलं की चित्रात दोन सूर्य होतात. दोन तासांच्या वर बसूच नका, उरलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला या.

पावसाळा मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात तीही पावसाळ्यातच. हवेत ओल असते, वॉश (पातळ रंगाचा पसरलेला थर) वाळतच नाही, आपण कंटाळून अर्धवट ओल्या कागदावर पुन्हा ब्रश मारतो आणि कडेला ती दातेरी रेघ उठते. त्यापेक्षा दोन बोर्ड न्या, एकावर आभाळ टाकलं की दुसरा घ्या. ढगांसाठी हीच ओल कामाची आहे, कागद ओला करून अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा रंग सोडा, बोर्ड तिरका करा आणि हात लावू नका. आता हिरवा. सगळीकडे हिरवंच असतं म्हणून ट्यूबमधला एकच हिरवा फासला की चित्र प्लास्टिकचं वाटतं. जवळच्या गवतात लेमन यलो जास्त, झाडाच्या पोटात बर्न्ट सिएना घालून गडद, टेकडीवर गेलात की निळा वाढवत पाणी वाढवत जा. आणि ढगाळ दिवशी जमिनीवर ठळक सावली नसते, उजेड वरून येतो, म्हणजे झाडाचा माथा फिकट आणि खालची बाजू गडद. पाऊस थांबल्यावर खोड जवळ जाऊन बघा, ज्या बाजूने झोडपलंय ती जवळपास जांभळट काळी झालेली असते आणि आडोशाच्या बाजूला कोरडी राखाडी पट्टी तशीच उरते, ती एक पट्टी नीट जमली तरी बघणाऱ्याला पाऊस कळतो.

थंडीत सकाळी लवकर जा. सूर्य खाली असतो, सावल्या लांब आणि निळसर, धुकं असेल तर टेकडीची कड अजिबात ठेवू नका, ओल्यातच विरघळू द्या आणि समोरची एखादीच फांदी ठसठशीत काढा. फार गारठा असेल तर ॲक्रिलिक नको, साधारण 10 अंशांच्या खाली त्याचा थर नीट धरत नाही. ऑइलही घट्ट होतं.

पानगळीत फांद्या दिसतात, म्हणून ड्रॉइंग सुधारायला तोच काळ चांगला. प्रत्येक काटकी काढत बसू नका, शेंड्याकडचं जाळं ड्राय ब्रशने, म्हणजे जवळपास कोरड्या ब्रशने, एका फटक्यात.

उन्हाळ्यात दुपार सोडून द्या, सावल्या आखूड आणि सगळं सपाट. सकाळी गेलात तरी वॉश डोळ्यादेखत वाळतो, म्हणून कागद मागूनपुढून भिजवा, रंग आधीच भरपूर कालवून ठेवा. आभाळ क्षितिजाजवळ फिकट, वर गडद, आणि वाळल्या गवताला यलो ऑकरमध्ये किंचित क्रिमसन.

घरी आल्यावर टेप काढली की लगेच कागदाच्या मागच्या बाजूला तारीख, वेळ, वारा, हवा कशी होती ते लिहा. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने 1821-22 मध्ये ढगांचे स्टडी केले तेव्हा त्यातल्या बऱ्याच कागदांच्या मागे असंच लिहिलंय. वर्षाने सगळे पेपर जमिनीवर ओळीने मांडाल तेव्हा ती नोंद लागतेच, कोणता करडा रंग सकाळचा आणि कोणता संध्याकाळचा हे नुसतं बघून आठवत नाही.