नोकरी करता करता ऑनलाइन डिग्री: आधी तास मोजा, मग फी बघा

ऑनलाइन डिग्री करायचं मनात आलं की आपण सगळ्याजणी पहिल्यांदा फी बघतो. मीपण तेच केलेलं आणि तिथेच फसले. पहिल्याच सेमिस्टरला हौसेने चार विषय घेतले, दोन अर्धवट सोडावे लागले, आणि त्या दोनांची फी गेली ती गेलीच, कारण रिफंडची मुदत तिसऱ्या आठवड्यात संपलेली आणि मला आपलं काही खरं नाही हे कळलं सातव्या आठवड्यात. म्हणून आधी तास मोजा.

हे अवघड नाहीये. प्रत्येक विषयापुढे क्रेडिट लिहिलेले असतात, ते बघा. युरोपात १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, भारतातल्या मुक्त विद्यापीठांमध्ये साधारण ३० तास. म्हणजे ३० तासांच्या हिशोबाने ४ क्रेडिटचा विषय १२० तासांचा, सेमिस्टर १६ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला साडेसात तास, आणि दोन विषय घेतले की पंधरा. आता हे पंधरा तास कुठून येणार ते कागदावर लिहा, आणि "जमेल तसं" असं लिहू नका, मंगळवारी रात्री नऊ ते साडेदहा असं लिहा. फी भरायच्या आधी दोन आठवडे एखादा फुकटचा कोर्स लावून खरंच त्या वेळेला बसून बघा. पंधरापैकी आठच तास निघाले तर एकच विषय घ्यायचा, त्यात कमीपणा कसला. (पहाटे चारला उठून अभ्यास करा असं सगळे सांगतात, माझ्याच्याने ते एकदाही झालेलं नाही.)

अजून दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा: लेक्चर लाइव्ह आहेत का रेकॉर्डेड, आणि परीक्षा कशी होते. परीक्षा कॅमेऱ्यासमोर असेल तर तेवढा वेळ खोलीत दुसरं कुणी येऊन चालत नाही. घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी त्याला कोण बघणार हे आधी ठरवावं लागतं.

डिग्रीला मान्यता आहे का हे विद्यापीठाच्या वेबसाइटवर बघू नका, तिथे कुणीही काहीही लिहितं. त्या त्या देशाच्या नियामक संस्थेच्या यादीत नाव शोधा आणि तुमचाच प्रोग्राम ऑनलाइन शिकवायला परवानगी आहे का तेही बघा, कारण विद्यापीठ खरं पण तो कोर्स यादीत नाही असंही होतं. २०१५ मध्ये कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचा खोट्या डिग्र्या विकण्याचा घोटाळा बाहेर आला, त्यात नुसती विद्यापीठंच नाही तर त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थासुद्धा बनावट होत्या. बाकी बॉसने "घरी बसून कसली डिग्री" म्हणून नाक मुरडलं तर सांगा, लंडन विद्यापीठ १८५८ पासून बाहेरून परीक्षा देऊ देतंय.

आता पैसे. फी कशावर लावतात ते आधी समजून घ्या. बऱ्याच ठिकाणी क्रेडिटप्रमाणे असते, म्हणजे एक विषय घेतला तर एकाचेच पैसे, नोकरीवाल्या बाईला हे बरं पडतं. अमेरिकेतल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सहा महिन्यांच्या टर्मला ठरावीक फी असते आणि तेवढ्यात जितके कोर्स संपवाल तितके तुमचे, वेग असेल तर फायदा, नसेल तर तीच फी महाग पडते. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल शिकवण्याचे पैसे घेत नाही, पण अर्जाचे आणि प्रत्येक कोर्सच्या परीक्षेचे घेते. म्हणून "एकूण सगळं धरून डिग्री हातात पडेपर्यंत किती" हा एकच प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

जुने क्रेडिट विसरू नका! लग्नाआधी किंवा नोकरीआधी अर्धवट सोडलेलं कॉलेज असेल, एखादा प्रोफेशनल कोर्स असेल, तर मार्कशीट काढा आणि त्यातले कुठले विषय नव्या डिग्रीत धरणार ते विद्यापीठाकडून अ‍ॅडमिशनच्या आधी लेखी घ्या. अ‍ॅडमिशन झाल्यावर विचारलं की उत्साह एकदम मावळतो त्यांचा. धरलेला प्रत्येक विषय म्हणजे फीही वाचली आणि ते १२० तासही.

कंपनी पैसे देते का हे एचआरला विचाराच. पण तीन गोष्टी नीट बघा: अ‍ॅडमिशनच्या आधी मंजुरी लागते का, ठरावीक ग्रेड लागते का, आणि नोकरी सोडली तर किती वर्षांपर्यंत पैसे परत करायचे. बहुतेक कंपन्या निकाल लागल्यावर पैसे देतात, म्हणजे पहिल्या सेमिस्टरची फी तुमच्या खिशातून जाणार. तेवढी एकदाच साठवा, परत आली की पुढच्या सेमिस्टरला तीच फिरवा, मी असंच निभावलं.

स्कॉलरशिप शोधताना "हुशार विद्यार्थी" वाल्यांच्या मागे जाऊ नका, शिक्षण मध्येच सुटलेल्या किंवा घर चालवणाऱ्या बायकांसाठी वेगळ्या असतात. सोरॉप्टिमिस्ट या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा लिव्ह युवर ड्रीम पुरस्कार कुटुंबाचा आर्थिक भार उचलणाऱ्या, शिकणाऱ्या बायकांसाठीच आहे, फक्त तो ठरावीक देशांतच मिळतो. अर्ज करायलाच पैसे मागणारी स्कॉलरशिप असेल तर सरळ सोडून द्या.

कर्ज शेवटी, आणि घेतलंच तर एक सेमिस्टरपुरतं. एकेक विषय घेऊन शिकणाऱ्यांना कर्ज मिळतं का हे आधी विचारा, अमेरिकेत सरकारी कर्जाला किमान हाफ टाइम, म्हणजे पूर्ण वेळेच्या निम्म्या अभ्यासाची, नोंदणी लागते आणि त्याखाली गेलं की परतफेडीचं घड्याळ सुरू होतं. व्याज कुठल्या दिवसापासून लागतं तेही विचारा.

आणि फीच्या पावत्या, निकाल, ईमेल सगळं एका फोल्डरमध्ये टाका, ऑफिसच्या मेलवर नाही, स्वतःच्या. नोकरी बदलली की ऑफिसचा मेल दुसऱ्या दिवशी बंद होतो.