जुने दगड-मातीचे घर भूकंपात टिकावे म्हणून काय करावे: कोयना-वारणा पट्ट्यासाठी

कोयनानगर, हेळवाक, मोरगिरीकडे किंवा शिराळ्यात चांदोलीच्या बाजूला जमीन हलली की पहिला प्रश्न धरणाचा येतो. घरमालकाने त्याआधी एक प्रश्न स्वतःच्या घराला विचारावा: माझी भिंत एक आहे की दोन?

जुन्या घराची दीड-दोन फुटी भिंत बाहेरून एकसंध दिसते. बहुतेक वेळा ती दोन पातळ भिंतींची असते. बाहेरच्या बाजूला एक थर, आतल्या बाजूला दुसरा आणि मधे माती-खडीची भर. हादरा बसला की भर खाली दबते, दोन्ही थरांना बाहेर ढकलते, आधी बाहेरचा थर कोसळतो आणि मग छप्पर आत येते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपात कोयना परिसरात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला भेगा पडल्या, पण ते उभे राहिले आणि पुढे त्याचे मजबुतीकरण झाले. घरे मात्र पडली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जवळपास तेवढ्याच तीव्रतेच्या भूकंपात सुमारे १० हजार लोक दगावले, तेही मुख्यतः अशाच भिंती आणि वरच्या मातीच्या जड माळवदामुळे.

आपल्याकडचे भूकंप उथळ असतात, बहुतेक १० किलोमीटरच्या आतले. त्यामुळे ४ तीव्रतेचा धक्काही केंद्राजवळच्या गावात कौले सरकवतो. कोयनेचा जलाशय शिवाजीसागर १९६१-६२ पासून भरू लागला, वारणेचा जलाशय १९८५ पासून. १९९३ नंतर भूकंपांचा पट्टा दक्षिणेला वारणेकडे पसरला. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर, हालचाल वाढलेली आढळते. १९६७ पासून या लहानशा टापूत ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसच्या वर भूकंप झाले आहेत. छोटा प्रत्येक धक्का मातीचा सांधा थोडा सैल करतो आणि पुढच्या पावसात तिथेच पाणी मुरते. म्हणून पाहणी ऑक्टोबरमध्ये करा आणि काम भात निघाल्यावर, जानेवारी ते एप्रिल या काळात उरका. घाट उतरून चिपळूण-संगमेश्वरकडच्या जुन्या दगडी घरांनाही पुढचे बरेचसे लागू पडते.

पाहणी

ओळंबा, हातोडी, पेन्सिल आणि टॉर्च घ्या. दाराच्या चौकटीशेजारी गिलावा थोडा खरवडा, तिथे भिंतीची जाडी उघडी दिसते. आतून बाहेरपर्यंत जाणारे अखंड दगड किती आहेत ते मोजा. उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर असा एक दगड असायला हवा. एकही नसेल तर ती भिंत दोन समजा.

मग भिंतीवर हातोडीने हलके ठोका. खणखणीत आवाज येईल तिथे दगड सांध्यात घट्ट आहे. बद्द आवाज येईल तिथे थर सुटलेला आहे, खूण करा. ओळंबा सोडून भिंतीला पोट आले आहे का पाहा. दोन इंचांपेक्षा जास्त पोट असेल तर तेवढा भाग छपराला टेकू देऊन उतरवावा आणि नव्याने बांधावा. फुगलेली भिंत कशानेही मागे जात नाही, आणि तिच्यावर पैसे घालणे वाया आहे.

कोपऱ्यातली उभी भेग सगळ्यात वाईट. दोन भिंती एकमेकींपासून सुटत असल्याची ती खूण असते. भेगेवर काचेची छोटी पट्टी सिमेंटने दोन्ही बाजूंना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे.

एक कळकळीची विनंती: पाहणीआधी सगळ्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेऊ नका. तो पोट झाकतो, आतली ओल अडवतो आणि दोन थर बांधत मात्र नाही. गावोगावी सर्वाधिक पैसे याच चुकीत जातात.

थर एकमेकांना शिवणे

हे काम सगळ्यात आधी. प्रत्येक चौरस मीटरला एक काँक्रीटचा टाका घालायचा. आडवे अंतर सुमारे एक मीटर, वरच्या ओळीतले टाके खालच्या दोन टाक्यांच्या मधोमध येतील असे.

बाहेरून एक दगड निवडा. त्याच्या भोवतीची माती खरवडा आणि पहार किंवा जाड सळई घालून तो हळूहळू वर-खाली, डावी-उजवीकडे हलवत मोकळा करा. घणाचे घाव घालू नका; शेजारचे चार दगड सुटतात. मधली भर हाताने काढा, आतल्या थरापर्यंत पोहोचा आणि तिथला दगड आतल्या बाजूने काढा. भोक मधे तीन इंचांचे आणि दोन्ही तोंडांशी रुंद असावे, डमरूसारखे. भोक थोडे तिरके झाले तरी चालते.

भोकात पाणी शिंपडा. १:२:४ प्रमाणाचे (सिमेंट, वाळू, खडी), बारीक खडीचे काँक्रीट निम्म्यापर्यंत भरा, दोन्ही टोकांना आकडे वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवा आणि उरलेले भोक ठासून भरा. सळईच्या सगळ्या बाजूंनी इंचभर काँक्रीट हवे, नाहीतर कोकणालगतच्या या दमट हवेत ती गंजून फुगते. दहा दिवस पाणी मारा. शेजारशेजारची भोके एकाच दिवशी पाडू नका. एक आड एक घ्या.

बाहेरून २४ बाय १६ फूट, आठ फूट उंच भिंतींच्या घराला दारे-खिडक्या वजा जाता साधारण ५० टाके लागतात. दीड फुटी भिंतीला प्रत्येकी बावीस इंच सळई धरा, म्हणजे एकूण २८ मीटर, वजनाने अकरा किलो. सिमेंटची तीन पोती पुरतात.

भूकंपपट्टा

आता चार भिंती एकत्र बांधायच्या. दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या लगेच वर, आतून आणि बाहेरून, घराला कमरपट्ट्यासारखी दहा इंच रुंद पट्टी फिरवायची. छप्पर त्याच्या दोन-अडीच फूट वर असेल तर छपराखाली दुसरी पट्टी घ्या.

तेवढ्या भागातला गिलावा काढा, सांधे पाऊण इंच खोल खरवडा, तारेच्या ब्रशने झाडा, पाणी मारा. सिमेंटची स्लरी (पाण्यातला पातळ घोळ) लावून लगेच १:३ सिमेंट-वाळूचा अर्धा इंच थर द्या, पृष्ठभाग खडबडीत ठेवा. तो ओला असतानाच १० गेजची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी चार ते सहा इंची खिळ्यांनी, दर फुटाला एक, सांध्यांत ठोकून बसवा. वर पाऊण इंचाचा दुसरा थर देऊन जाळी पूर्ण झाका. चौदा दिवस पाणी.

चुका होतात त्या कोपऱ्यावर. गवंडी जाळी कोपऱ्याशी कापतो आणि दुसऱ्या भिंतीवर नवा तुकडा सुरू करतो. भूकंपात भिंती नेमक्या तिथेच सुटतात. जाळी कोपऱ्यावरून अखंड वळवा, जोड भिंतीच्या मधल्या भागात घ्या आणि जोडाला एक फूट एकावर एक ठेवा. पिंजऱ्याची षटकोनी जाळी वापरू नका. ती ताण घेण्याऐवजी नुसती ओढली जाते. कोपऱ्यांना जोत्यापासून छपरापर्यंत उभी पट्टीही मारा.

वरच्या मापाच्या घराला एका पातळीवर आतून-बाहेरून मिळून १४८ फूट पट्टी होते. जोड धरून १६५ फूट जाळी, सहा पोती सिमेंट आणि २१ घनफूट धुतलेली वाळू आणा. नदीची मातकट वाळू तशीच वापरली तर पट्टी पापुद्र्यासारखी सुटते.

छप्पर आणि टोकाच्या त्रिकोणी भिंती

आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतींना वरून कुणी धरलेले नसते, म्हणून त्या आधी पडतात. शक्य असेल तर दगड उतरवून तिथे लाकडी चौकटीवर पत्रा लावा. ठेवायच्याच असतील तर उताराला धरून भूकंपपट्टा फिरवा.

वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतात. प्रत्येक वासा पाटाला (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाला) लोखंडी पट्टीने आणि पाट भिंतीवरच्या भूकंपपट्ट्याला बांधा. छपराच्या उतारावर, वाशांच्या खालून, कोपऱ्या-कोपऱ्यात तिरप्या लाकडी पट्ट्या खिळल्या की छप्पर चौकोनाचे समांतरभुज होत नाही. मंगलोरी कौलांच्या कडेच्या दोन-तीन ओळी तारेने बांधा. दारावरच पडतात त्या याच ओळी. गच्चीवरची ५०० लिटरची टाकी भरल्यावर अर्धा टन होते. जुन्या भिंतीवर ती ठेवू नका, अंगणात ओटा बांधा.

घरातल्या वस्तू

कपाट लोखंडी कोनाने भिंतीला बांधा, गॅस सिलिंडरला साखळी लावा. डबे, पाटा-वरवंटा, पितळी भांडी माळ्यावरून खाली आणा. झोपायची जागा त्रिकोणी भिंतीखाली किंवा खिडकीखाली नको. दार आतून अडणारे असेल तर आजच रंधा मारा. चौकट किंचित तिरकी झाली तरी असले दार उघडत नाही.

जागा

नवी खोली काढायची असेल तर उतार पाहा. २२ जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी आल्या. असा भिजलेला उतार हादऱ्यानेही सुटू शकतो. घरामागे डोंगर कापून उभी केलेली माती, वर वाढत जाणारी भेग, तिरकी झालेली झाडे दिसली तर कितीही मजबूत घर तिथे बांधू नका. नवे काम काँक्रीटच्या खांबांचे असेल तर रिंगांची (उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांची) टोके १३५ अंशात आत वळवून घ्या आणि खांब-तुळईच्या सांध्याजवळ रिंगा चार इंचांवर घ्या. काटकोनात वळवलेली रिंग हादऱ्यात उघडते.

धक्का बसताना आणि नंतर

दाराजवळ असाल, घर कच्चे असेल आणि बाहेर मोकळे अंगण असेल तर बाहेर जा, भिंतीपासून घराच्या उंचीइतके लांब. आत खोल असाल किंवा पक्क्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर पळू नका. दणकट टेबलाखाली शिरा, डोके झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. जिन्यावर जाऊ नका.

थांबल्यावर सिलिंडरचा नॉब आणि विजेचा मुख्य स्विच बंद करा. काडी ओढू नका. कच्च्या घरात लगेच परतू नका, मोठ्या धक्क्यामागून आणखी धक्के येतात आणि सैल झालेली भिंत बहुधा त्यातच पडते. धरणाबद्दलचा निरोप फक्त जिल्हा प्रशासनाचा माना. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीसाठी ११२. "आज रात्री मोठा येणार" असा मेसेज कुणी पाठवला तर तो खोटा समजा, कारण तारीख-वेळ सांगणारे तंत्र जगात कुठेही नाही.

दुसऱ्या दिवशी उजेडात काचेच्या पट्ट्या पाहा आणि भेगांच्या टोकांवर नव्या तारखेसह पेन्सिलीने खुणा करा. कोपरा सुटला असेल किंवा पोट वाढले असेल तर त्या खोलीतले बिछाने दुसरीकडे हलवा आणि छपराला टेकू लावल्याशिवाय आत कुणाला जाऊ देऊ नका.