रेकॉर्ड डिजिटल करताना पातळी कमी असूनही आवाज फाटतो: नेमका उपाय

लक्षण असं: टर्नटेबलवरून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतलेला आवाज फाटका, बास घुमणारा. मीटर -१२ डेसिबलवर, तरी लहरींचे माथे सपाट कापलेले.

सुई साफ केली, केबल बदलली, इंटरफेसचा (आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या पेटीचा) गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, उतरवला. काडीचाही फरक नाही. छोट्या लेबलांच्या, दुसरीकडे कुठेच न मिळणाऱ्या रेकॉर्ड अशा फाटक्या ऐकताना जीव तुटतो.

कारण निघालं दोन फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण सिग्नल वाढवणारी सर्किट): एक टर्नटेबलच्या पोटात, दुसरा बाहेरचा. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला, नेहमीच्या प्रकारचा भाग) सुमारे ५ मिलिव्होल्ट देते, प्रीअँप ते साधारण १०० पट करतो. तो अर्धा व्होल्ट पुन्हा १०० पट करायला गेलं की सिग्नल दुसऱ्या प्रीअँपमध्येच कापला जातो. पुढे गेन कितीही उतरवा, कापलेलं परत येत नाही. शिवाय आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास प्रीअँपमध्ये परत वाढवणं) दोनदा लागते. २० हर्ट्झला, म्हणजे अगदी खोल बासला, ती एकदा लागली तरी सुमारे १९ डेसिबल वाढ असते. दोनदा लागली की बास घुमणारच.

आता क्रम. सगळं बंद करून टर्नटेबलमागचा स्विच ‘लाइन’वरून ‘फोनो’वर आणा. केबल बाहेरच्या प्रीअँपच्या इनपुटला, अर्थची तार त्याच्या ग्राउंड स्क्रूला (ही सुटली तर हम, म्हणजे सततची गुणगुण, येते). प्रीअँपचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला, माइकच्या नव्हे. रेकॉर्डमधला सर्वांत जोरकस भाग वाजवून सर्वोच्च पातळी -६ डेसिबलवर बसवा. २४ बिटमध्ये पूर्ण बाजू सलग घ्या. आधी क्लिक (टिकटिक आवाज) काढा, नॉर्मलाइझ (एकूण पातळी वर आणणं) शेवटी, मग फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात साठवा.

बाहेरचा प्रीअँप नसेल तर स्विच ‘लाइन’वरच ठेवून थेट इंटरफेसला जोडा.