'पेद्रो पारामो' वाचायला घेताना

हुआन रुल्फोची ही १९५५ची मेक्सिकन कादंबरी लहानशीच आहे, म्हणून एक-दोन बैठकींतच संपवा. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो बापाला, म्हणजे पेद्रो पारामोला, शोधत कोमाला गावी निघतो. बाप केव्हाच मेलाय हे सुरुवातीलाच कळतं, त्यामुळे तो सापडेल का, या उत्सुकतेवर विसंबू नका.

प्रकरणं नाहीत, नुसते तुकडे. प्रत्येक तुकड्याला आधी बघा, बोलतंय कोण? हुआन 'मी' म्हणून सांगतो. पेद्रोचं लहानपण आलं की निवेदन बदलतं. मी समासात पेन्सिलीने नावं लिहिते. अडलात तर पुढे सरका. माणसं जिवंत की मेलेली, हा गोंधळ लेखकाला हवाच आहे. पेद्रोचं लहानपणापासून जिच्यावर प्रेम आहे ती सुसाना आली की मात्र सावकाश वाचा. तिच्या आठवणीतला समुद्र मला अख्ख्या पुस्तकात सर्वांत सुंदर वाटतो.