हो ची मिन्ह मार्गावर सायकल सहल: या चुका टाळा

व्हिएतनामच्या सहलीचं वेळापत्रक हाती आलं की आपली मंडळी आधी किलोमीटर मोजतात. 'रोज 80? एवढं तर आम्ही रविवारी नाश्त्याआधी करतो!' आयोजकाला चढाईचे मीटर विचारा. खे सान्ह ते फोंग न्हा हा हो ची मिन्ह महामार्गाच्या पश्चिम शाखेचा टप्पा सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. त्रुओंग सोन डोंगरात चढ संपला की उतार, लगेच पुन्हा चढ, आणि वाटेत वस्ती तुरळक. एका रविवारी दीडशे मारण्यापेक्षा सलग तीन दिवस घाटात साठ-सत्तर करून बघा.

दुसरी चूक खास आपली: दिवाळीच्या सुट्टीला जोडून बुकिंग. मध्य व्हिएतनाममध्ये पावसाचा जोर सप्टेंबर ते डिसेंबर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर येतात, दरडी कोसळतात. फेब्रुवारी ते एप्रिल बरा. पुढे लाओसकडून भाजून काढणारा वारा सुरू होतो.

तिथे वाहतूक उजवीकडून. गर्दीत हे लक्षात राहतं. गफलत होते ती रिकाम्या रस्त्यावर, फोटो काढून पुन्हा पेडल मारताना. सायकल भाड्याची असेल तर पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे, हे हॉटेलच्या आवारातच तपासा. काँक्रीट रस्त्याच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं, म्हणून वेग वळणाआधीच कमी करा.

आता सगळ्यात गंभीर चूक: आडोसा शोधत झाडीत शिरणं. हो ची मिन्ह मार्ग म्हणजे 1959 पासून उत्तर व्हिएतनामची रसद दक्षिणेतल्या युद्धाला नेणाऱ्या वाटांचं जाळं. त्यावर अमेरिकेने वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले. न फुटलेले बॉम्ब क्वांग त्री प्रांतात आजही सापडतात. क्लस्टर बॉम्बमधले काही गोळे तर टेनिसच्या चेंडूएवढेच. गाइड दाखवेल तिथेच थांबा, गंजलेल्या लोखंडाला हात लावू नका.

'खरी जुनी वाट कुठंय?' म्हणत हिरमुसणारेही असतात. जुन्या वाटा बऱ्याचशा लाओसमधून जात. आजचा महामार्ग 2000 सालापासून बांधलेला. इतिहास हवा असेल तर थांबे गाळू नका. त्रुओंग सोन स्मशानभूमीत युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दहा हजारांहून जास्त कबरी आहेत. तिथे घट्ट सायकलिंग शॉर्ट्सवर एक पँट चढवा. संग्रहालयात मालवाहू सायकल दिसली तर तिचं हँडल नीट बघा. त्याला बांबू बांधून ते लांब केलेलं असे, कारण फ्रेंचांविरुद्धच्या 1954 च्या दिएन बिएन फूच्या लढाईपासूनच दोनशे किलोच्या वर ओझं लादलेल्या अशा सायकली माणसं चालवत नसत, ढकलत नेत.

शाकाहाऱ्यांनो, मासळीचा सॉस भाजीतही पडतो, आधीच बजावा. लसणावर परतलेली नाळीची भाजी आणि भात जवळपास सगळीकडे मिळतो.

गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. दोन-तीन मिलिमीटरच हलवा आणि तासभर चालवून बघा. बोटं बधिर झाली तर हँडलवरची पकड सारखी बदला. सवयीची सीट घरून नेलीत तर अर्धी दुखणी होतच नाहीत. मागून येणारी व्हॅन आहे म्हणून ट्यूब आणि पंप तिच्यातच ठेवणारे हटकून भेटतात. ती कधीकधी दोन डोंगर मागे असते. आणि दुखणं गाइडला दुपारच्या जेवणालाच सांगा, शेवटचा चढ अर्धा झाल्यावर नको.