गाडी खोलण्याआधी ट्रायल

नाशिकमधल्या सातपूरच्या सरकारी आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून मी अंबडमधल्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा इंजिन खोलता-जोडता येत होतं. आवाज मात्र ओळखता येत नव्हता. या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

पहिल्याच पावसाळ्यात एक काका छोटी गाडी घेऊन आले. "त्र्यंबकला जाताना डाव्या बाजूनं घूंऽऽ येतं. गावात काहीच नाही." मी डावं पुढचं चाक उचललं, बेरिंग बदललं. आठवड्याने काका परत आले. आवाज जिथल्या तिथे होता. चांगलं बेरिंग काढून टाकलं, तेही दुसऱ्याच्या पैशाने, हे मला फार लागलं.

आमचे मिस्त्री म्हणाले, "काकांना चालवू दे, तू शेजारी बस." सातपूर ओलांडल्यावर साठच्या वेगाला आवाज आला. मोकळा सरळ रस्ता बघून, इंजिन चालूच ठेवून, काकांना क्षणभर गाडी न्यूट्रल करायला सांगितलं. इंजिनचे फेरे उतरले, घूं तसंच. म्हणजे दोष चाकांकडे. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला तरी सूर बदलला नाही, म्हणून टायरवरचा संशय कमी झाला. मग स्टीअरिंग हलकेच डावीकडे घेतलं की आवाज वाढायचा, उजवीकडे घेतलं की दबायचा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो. दोष उजवीकडे होता! आवाज पत्र्यातून फिरतो, त्यामुळे कान बाजू चुकवतो.

गॅरेजात परतून गाडी घोडीवर, म्हणजे चाकं अधांतरी राहतील अशी स्टँडवर घेतली. एका हाताने चाक फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला. उजव्या मागच्या स्प्रिंगला बारीक खरखर जाणवली, बाकी तिन्ही गुळगुळीत. ते बेरिंग बदललं, त्याची मजुरी आम्ही घेतली नाही.

बाकीचे आवाज सवयीने कळतात. लहान खड्ड्यांवर हळू वेगात टकटक आली तर आधी सस्पेन्शनचा लिंक रॉड आणि रबरी बुश बघा. स्टीअरिंग पूर्ण कापून वळताना कटकट झाली तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. ठरावीक रेसलाच पत्रा खणखणत असेल तर सायलेन्सरवरचं उष्णतेचं कव्हर ढिलं झालंय का पाहा, पण सायलेन्सर थंड झाल्यावरच हात लावा. आणि हे सगळं करण्याआधी सीटखालच्या बाटल्या, डिकीतला जॅक, स्टेपनी काढून ठेवा. मी हे विसरून एकदा अख्खी सकाळ घालवली आहे.

गिऱ्हाईकाला "कसला आवाज?" असं विचारू नका. "कधी येतो?" विचारा. गाडी थंड असताना की तापल्यावर, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, एकटे असताना की घरचे सगळे बसल्यावर. उत्तर त्यांच्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहा.

आणि सर्व्हिसिंगला आलेल्या धडधाकट गाडीच्या ट्रायललाही मिस्त्रींबरोबर मागच्या सीटवर बसा. चांगली गाडी कशी वाजते, हे कानात बसायला मला वर्ष लागलं.